जमिनीच्या वाफेवर पाच दिवे

कॅरमच्या पाटावर भुरभुरायची पांढरी पावडर बहुतेक घरांतल्या मुलांनी हाताळलेली असते. ती म्हणजे बोरिक अॅसिड. एकेकाळी डोळे धुण्याच्या पाण्यात, जखमेवर लावायच्या कापडात आणि मलमात ते सर्रास वापरले जाई. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या जोसेफ लिस्टर यांनीही ते वापरले होते. पोटात गेल्यास किंवा उघड्या जखमेतून शरीरात शोषले गेल्यास ते घातक ठरू शकते, हे पुढे स्पष्ट झाले आणि औषधांतला त्याचा वापर बराच कमी झाला. पण एकोणिसाव्या शतकात या पांढऱ्या भुकटीला युरोपभर मोठी मागणी होती आणि तिचा एक प्रमुख पुरवठादार होता इटलीतल्या टस्कनी प्रांतातला एक डोंगराळ, धुरकट भाग. तिथल्या बोरिक अॅसिडच्या कारखान्याच्या मालकाने 1904 मध्ये जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच विजेचे दिवे पेटवले. जगातली भूऔष्णिक वीज तिथून सुरू झाली. त्या मालकाचे नाव प्रिन्स पिएरो गिनोरी काँती.

गिनोरी काँती यांच्या आधी या जागेची ओळख करून घ्यायला हवी. व्होल्तेर्रा या प्राचीन गावाच्या दक्षिणेला असलेल्या या खोऱ्याला लोक सैतानाचे खोरे म्हणत. जमिनीच्या भेगांतून वाफेचे झोत शिट्ट्या घालत बाहेर पडत, खळग्यांत राखाडी चिखल उकळत असे आणि हवेत सडलेल्या अंड्यांसारखा गंधकाचा वास भरून राही. महाकवी डान्ते याला नरकाची कल्पना इथूनच सुचली, असे तिथले लोक आजही सांगतात. गुराढोरांना तिकडे फिरकू दिले जात नसे. 1777 मध्ये उबेर्तो होफर या औषधनिर्मात्याने या उकळत्या डबक्यांच्या पाण्यात बोरिक अॅसिड असल्याचे शोधले आणि निरुपयोगी मानलेल्या या जमिनीला भाव आला. तोवर युरोपला बोरॉनचे क्षार मिळत ते मुख्यतः तिबेट-लडाखकडच्या टाकणखारातून. आपल्याकडचे सोनार डाग देताना जो टाकणखार वापरतात, तोच हा. हिंदुस्थानमार्गे तो पश्चिमेकडे जाई आणि महाग पडे.

व्यापारासाठी इटलीत आलेले फ्रान्सचे फ्रान्स्वा जाक द लार्देरेल यांनी 1818 मध्ये इथे कारखाना काढला. डबक्यातले पाणी आटवायचे आणि खाली उरलेले स्फटिक गोळा करायचे, अशी साधी पद्धत होती. पण पाणी आटवायला लाकूड लागे आणि त्यापायी आसपासची जंगले भराभर तुटू लागली. सरपणाचा खर्च धंदाच गिळून टाकणार अशी वेळ आली, तेव्हा 1827 च्या सुमारास लार्देरेल यांनी डबक्यांवर विटांचे घुमट बांधले, त्यात वाफ कोंडली आणि तीच वाफ कढयांखाली फिरवली. सरपण थांबले. जास्त वाफ मिळावी म्हणून जमिनीत भोके पाडण्याचे कामही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने त्यांना उमरावपद दिले आणि कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या वस्तीला 1846 मध्ये लार्देरेल्लो हे नाव मिळाले. जमिनीची उष्णता उद्योगाला जुंपण्याची कल्पना तिथे अशी आधीपासूनच रुजलेली होती. त्या उष्णतेने कढया तापत, मात्र विजेचा विचार कोणी केलेला नव्हता.

पिएरो गिनोरी काँती यांचा जन्म 1865 मध्ये फ्लोरेन्समध्ये झाला. गिनोरी हे तिथले जुने, वजनदार घराणे. डोच्चा इथला चिनी मातीच्या भांड्यांचा नामांकित कारखाना अठराव्या शतकात याच घराण्यातल्या कार्लो गिनोरी यांनी काढला होता. म्हणजे उमरावपण आणि कारखानदारी या दोन गोष्टी या घराला परक्या नव्हत्या. 1894 मध्ये पिएरो यांचा विवाह लार्देरेल घराण्यातल्या आद्रियाना यांच्याशी झाला आणि बोरिक अॅसिडच्या उद्योगाशी त्यांचा संबंध जुळला. विसाव्या शतकाच्या आरंभी या उद्योगाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

सूत्रे हाती आली तेव्हा दिवस बरे नव्हते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात टाकणखाराचे प्रचंड साठे सापडले होते. तुर्कस्तान आणि दक्षिण अमेरिकेतूनही माल येत होता. जमिनीवरून खणून काढलेल्या त्या खनिजापुढे, पाणी आटवून थेंबाथेंबाने गोळा केलेले टस्कनीचे बोरिक अॅसिड महाग पडू लागले. भाव कोसळले. लार्देरेल्लोची शेकडो कुटुंबे या एकाच कारखान्यावर जगत होती. जुन्याच पद्धतीने चालत राहिले असते तर हा उद्योग हळूहळू बंद पडला असता. गिनोरी काँती यांनी मालाची शुद्धता वाढवली, नवी रासायनिक उत्पादने सुरू केली आणि विंधनाची साधने सुधारली. पण त्यांचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेले. बोरिक अॅसिड काढताना जी वाफ कढया तापवून हवेत निघून जात होती, तिच्यात काम करण्याची ताकद होती.

इटलीच्या दृष्टीने या विचाराला मोठे महत्त्व होते. या देशात दगडी कोळसा जवळपास नाही. कारखाने, आगगाड्या आणि जहाजे चालवायला लागणारा कोळसा मुख्यतः ब्रिटनमधून बोटीने येई. मिलान शहरात 1883 मध्येच वीजकेंद्र सुरू झाले होते आणि आल्प्सच्या उतारांवर जलविद्युत प्रकल्प उभे राहू लागले होते. टस्कनीच्या या डोंगराळ भागाला मात्र ना कोळसा होता ना मोठी नदी. होती ती फक्त पायाखालची वाफ.

ही वाफ तिथे येते कशी? लार्देरेल्लोला आज डोळ्यांना दिसणारा ज्वालामुखी नाही. दक्षिणेला असलेला माउंट आमियाता हा पर्वत मात्र विझलेला ज्वालामुखी आहे. या संपूर्ण पट्ट्याखाली भूवैज्ञानिक हिशेबाने अगदी अलीकडे, म्हणजे गेल्या काही दशलक्ष वर्षांत, शिलारस वर सरकत आला. बराचसा शिलारस पृष्ठभागावर न येता खोलवरच थिजला आणि त्याचा ग्रॅनाइट झाला. तो अजून थंड झालेला नाही. त्याच्या वरच्या भेगाळ खडकांत पावसाचे मुरलेले पाणी पोचते, तापते आणि त्याची वाफ होते. त्याच्याही वर चिकणमातीसारख्या न झिरपणाऱ्या खडकांचा जाड थर आहे. प्रेशर कुकरच्या झाकणासारखा तो वाफ कोंडून धरतो. जिथे झाकणाला भेग आहे तिथे वाफेचा झोत आपोआप उसळतो आणि जिथे भेग नाही तिथे माणसाला भोक पाडावे लागते. उष्णता, पाणी, भेगाळ खडक आणि वरचे झाकण या चार गोष्टी एकत्र येणे दुर्मीळ असते. लार्देरेल्लोत त्या होत्या. वर आणखी भाग्य असे, की इथे उकळत्या पाण्याऐवजी बहुतांशी कोरडी वाफ मिळते.

तरीही ही वाफ थेट इंजिनात सोडणे म्हणजे इंजिनाचा नाश होता. तिच्यात कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया आणि बोरिक अॅसिड मिसळलेले असते. असे मिश्रण लोखंड आणि तांबे खाऊन टाकते, नळ्यांत थर साचवते आणि झडपा अडकवते. गिनोरी काँती यांनी यावर काढलेली तोड लार्देरेल यांच्या कढईचीच सुधारलेली आवृत्ती होती. जमिनीतली मळकी वाफ नळ्यांतून फिरवायची, तिच्या उष्णतेने दुसऱ्या बाजूचे स्वच्छ पाणी उकळायचे आणि त्या पाण्याची स्वच्छ वाफ इंजिनाला द्यायची. दोन्ही वाफा एकमेकींना शिवत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. यात उष्णतेचा काही भाग वाया जातो, पण यंत्र टिकते.

4 जुलै 1904 रोजी हा प्रयोग झाला. एक लहानसे दट्ट्याचे वाफेचे इंजिन, त्याला जोडलेला 10 किलोवॅटचा डायनॅमो आणि त्यावर पेटलेले पाच दिवे, एवढाच त्याचा पसारा होता. आजच्या हिशेबात एका सोसायटीच्या जिन्यातले दिवेही त्याहून जास्त असतील. पण कोळसा किंवा लाकूड न जाळता, नदीचे पाणीही न अडवता, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज तयार झाल्याची ही पहिली वेळ होती.

यानंतर गिनोरी काँती यांनी जे केले, ते त्या प्रयोगापेक्षाही अधिक समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी लगेच मोठे वीजकेंद्र जाहीर केले नाही. 1905 मध्ये 20 किलोवॅटचे इंजिन बसवून त्यावर वाड्यातले आणि वस्तीतले दिवे चालवून पाहिले. यंत्र वर्षानुवर्षे चालले की कोणता भाग आधी झिजतो, नळ्यांत काय साचते, कोणता धातू टिकतो, विहिरीचा दाब ऋतूंप्रमाणे बदलतो का, हे कळायला वेळ द्यावा लागतो. पाच दिव्यांपासून खऱ्या वीजकेंद्रापर्यंत पोचायला नऊ वर्षे लागली. या नऊ वर्षांची छायाचित्रे कोणी कौतुकाने दाखवत नाही, पण भूऔष्णिक विजेचे शास्त्र या काळातच घडले.

1913 मध्ये लार्देरेल्लोत 250 किलोवॅटचे टर्बाइन सुरू झाले. तोझी या इटालियन कंपनीने ते बांधले होते. उष्णता एका वाफेकडून दुसरीकडे देण्याची तीच पद्धत इथेही मोठ्या आकारात वापरली गेली. जमिनीच्या वाफेवर वीज तयार करून ती नियमितपणे पुरवणारे हे जगातले पहिले व्यापारी केंद्र. रासायनिक कारखाना आणि आसपासच्या वस्त्या त्यावर उजळल्या. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले, कोळशाच्या बोटी अडल्या आणि कोळशाचे भाव गगनाला भिडले. ज्या विजेला कोळसाच लागत नव्हता, तिचे मोल अशा वेळी एकाएकी वाढले. 1916 पर्यंत लार्देरेल्लोत काही मेगावॅट क्षमतेची टर्बाइने बसली आणि तारा व्होल्तेर्रापर्यंत आणि त्याही पुढे गेल्या.

गिनोरी काँती स्वतः शास्त्रज्ञ नव्हते, पण शास्त्रज्ञांची गरज त्यांनी ओळखली होती. पिसा विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ राफाएल्लो नासिनी यांनी लार्देरेल्लोच्या वायूंचा दीर्घकाळ अभ्यास केला. या वायूंत आर्गॉन आणि हेलियमसारखे विरळ वायूही असल्याचे दिसून आले. 1918 मध्ये इटली सरकारच्या निमंत्रणावरून किरणोत्सारी द्रव्यांचा शोध घेण्यासाठी आलेल्या मारी क्युरी यांनीही लार्देरेल्लोला भेट दिली. वाफेत काय आहे, हे मोजल्याशिवाय तिच्याकडून काम घेता येत नाही, ही समज उद्योगात मुरत गेली. वाफेतल्या ज्या घटकांमुळे यंत्र गंजत होते, तेच घटक वेगळे करून कारखाना विकत होता. एकाच विहिरीतून वीज आणि रसायने अशी दोन्ही उत्पन्ने येऊ लागली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या स्पर्धेतही लार्देरेल्लो तगून राहिले.

जास्त वीज हवी तर जास्त वाफ हवी आणि त्यासाठी जास्त खोल जायला हवे. सुरुवातीच्या विहिरी काही दहा मीटरच्या होत्या, नंतर त्या शेकडो मीटर खोल गेल्या. पाण्याची कूपनलिका खणणे आणि वाफेची विहीर खणणे यांत मोठा फरक असतो. पाण्याच्या बोअरमध्ये फार तर पाणी लागत नाही. इथे मात्र झाकण फुटले की दाबाखालची वाफ दगडधोंड्यांसह उसळते. 1931 मध्ये लार्देरेल्लोतली एक विहीर अशीच उफाळली. तिच्यातून ताशी 200 टनांहून अधिक वाफ बाहेर पडू लागली आणि तिची गर्जना दूरवर ऐकू जाई. लोकांनी तिला वाफेचा महाझोत अशा अर्थाचे नाव दिले. तिला काबूत आणून नळाला जोडणे हे त्या काळच्या तंत्रज्ञांपुढचे मोठे आव्हान होते. या भूमीत केवढी ताकद दडली आहे, हेही तिने दाखवून दिले.

वाफेपेक्षाही लबाड धोका होता हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खड्ड्यांत आणि तळघरांत साचतो. थोड्या प्रमाणात असताना त्याचा सडका वास लगेच येतो. प्रमाण वाढले की मात्र नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वाटते, की धोका टळला. त्यानंतर काही श्वासांतच शुद्ध हरपू शकते. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरलेल्या कामगारांचे आणि त्यांना वाचवायला गेलेल्यांचे बळी याच वायूमुळे जातात, हे आपल्याकडच्या बातम्यांतून अनेकदा वाचायला मिळते. लार्देरेल्लोच्या कामगारांची कामाची जागा रोज याच वायूने वेढलेली असे. कारखान्याने त्यांच्यासाठी घरे, शाळा, दवाखाना आणि चर्च अशी संपूर्ण वस्ती उभारली होती. त्या वस्तीत काम, घर आणि आजारपणातली मदत हे सारे एकाच मालकाच्या हाती होते. त्यात आधार होता, तसे परावलंबनही होते.

1923 मध्ये जवळच्याच सेर्राझ्झानो इथे जमिनीतली वाफ मधले पाणी न तापवता थेट टर्बाइनमध्ये सोडण्यात यश आले. ही वाफ सोसतील असे धातू आणि जोडणी यांचा अनुभव तोवर गाठीशी आला होता. वीस वर्षांपूर्वी जो मार्ग इंजिनाचा नाश करणारा ठरला असता, तो आता खुला झाला. जपानमधल्या बेप्पू इथे आणि कॅलिफोर्नियातल्या गीझर्स भागात 1920 च्या दशकात असेच छोटे प्रयोग झाले, पण ते त्या काळी पुढे गेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जमिनीच्या उष्णतेवर मोठ्या प्रमाणावर वीज करणारे ठिकाण जगात एकच राहिले, ते म्हणजे लार्देरेल्लो. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली क्षमता 100 मेगावॅटच्या पुढे गेली होती आणि इटलीच्या विजेवर धावणाऱ्या आगगाड्यांनाही ती वीज मिळत होती.

या सगळ्या काळात गिनोरी काँती सार्वजनिक जीवनातही वावरत होते. ते आधी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात होते आणि 1919 मध्ये सिनेटचे सदस्य झाले. दुर्मीळ ग्रंथ आणि जुनी हस्तलिखिते जमवण्याचा त्यांना छंद होता. फ्लोरेन्सच्या इतिहासातही त्यांना रस होता. मुसोलिनीच्या राजवटीत परदेशी मालावर अवलंबून न राहण्याचे धोरण आले, तेव्हा कोळशाविना तयार होणाऱ्या या विजेकडे सरकारचे लक्ष गेले नसते तरच नवल. 1939 मध्ये लार्देरेल्लोचा उद्योग इटलीच्या सरकारी रेल्वेच्या ताब्यात गेला. लार्देरेल यांच्यापासून एका घराण्याभोवती फिरलेला शंभराहून अधिक वर्षांचा कारभार संपला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गिनोरी काँती यांचे फ्लोरेन्समध्ये निधन झाले.

पुढची पडझड त्यांना पाहावी लागली नाही. 1944 च्या उन्हाळ्यात माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी लार्देरेल्लोची वीजकेंद्रे आणि विहिरी उद्ध्वस्त केल्या. चार दशकांत उभे राहिलेले काम काही दिवसांत गेले. तंत्रज्ञ आणि कामगारांनी युद्धानंतर ते पुन्हा बांधले आणि काही वर्षांतच वीज आधीपेक्षा जास्त झाली. कारण यंत्रे मोडली तरी खाली उष्णता होतीच आणि तिला कसे हाताळायचे याचे ज्ञान माणसांकडे होते. 1958 मध्ये न्यूझीलंडमधल्या वैराकेईत आणि 1960 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गीझर्समध्ये मोठी केंद्रे सुरू झाली. आइसलँड, फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि केनिया ही ज्वालामुखींच्या पट्ट्यातली राष्ट्रेही नंतर या वाटेने गेली.

लार्देरेल्लोने जगाला एक कडवा धडाही दिला. जमिनीची उष्णता अफाट असली, तरी तिथली वाफ अफाट नसते. जितकी वाफ काढली जाते, तितके पाणी खाली मुरत नाही. विहिरी वाढल्या तसा जुन्या विहिरींचा दाब उतरू लागला. 1970 च्या दशकापासून टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करून तिचे पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याचे तंत्र तिथे वापरात आले आणि घसरण सावरली. कुकरमधले पाणी संपले तर खालचा विस्तव काहीच कामाचा नाही, हा साधा हिशेब होता. वाफेतला हायड्रोजन सल्फाइड आणि पारा गाळून घेणारी यंत्रणाही पुढे केंद्रांवर बसवली गेली, कारण वास आणि प्रदूषणाबद्दलची स्थानिकांची तक्रार रास्त होती. आज टस्कनीतल्या भूऔष्णिक केंद्रांची क्षमता सुमारे 900 मेगावॅट आहे आणि प्रांताच्या विजेचा जवळपास तिसरा हिस्सा तिथून येतो.

खोल जाण्याची धडपड थांबलेली नाही. 2017 मध्ये लार्देरेल्लोच्याच परिसरात व्हेनेल्ले या ठिकाणी जवळपास 3 किलोमीटर खोलीवर 500 अंश सेल्सियसहून अधिक तापमान आढळले. आइसलँडमध्ये क्राफ्ला इथे 2009 मध्ये विंधन करताना 2.1 किलोमीटरवर छिन्नी थेट वितळलेल्या शिलारसात शिरली. त्या विहिरीतून सुमारे 450 अंश तापमानाची वाफ मिळाली. तिच्यातून साध्या विहिरीच्या कितीतरी पट वीज मिळू शकली असती, पण वाफेतल्या आम्लांनी आणि गाळाने झडपा आणि नळ्या खाल्ल्या आणि 2012 मध्ये ती विहीर बंद करावी लागली. गिनोरी काँती यांना 1904 मध्ये पडलेला प्रश्न शंभर वर्षांनी तसाच समोर उभा राहिला. उष्णता सापडली आहे, पण तिच्याबरोबर येणारे मळके, गंजवणारे मिश्रण सोसेल असा धातू कोणता?

भारतात हा विषय निघाला, की लडाखमधल्या पुगा खोऱ्याचे नाव पहिल्यांदा येते. गरम झरे, गंधक आणि टाकणखार असलेले हे खोरे लार्देरेल्लोची आठवण करून देते. जो क्षार एकेकाळी त्या भागातून युरोपला जाई, तोच तिथल्या तप्त पाण्याबरोबर वर येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे पूर्वी विंधने घेतली आणि 2021 मध्ये ओएनजीसीने प्रायोगिक वीजकेंद्रासाठी करार केला.

महाराष्ट्रात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून पालीजवळचे उन्हेरे, दापोलीजवळचे उन्हवरे, संगमेश्वरचे तुरळ आणि राजापूरपर्यंत कोकणात गरम झऱ्यांची रांग आहे. सह्याद्री ज्वालामुखीच्या खडकाचा आहे, मग इथे लार्देरेल्लो का नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर वयात आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची उष्णता केव्हाच निवली. कोकणातले पाणी भेगांवाटे खोल जाऊन नेहमीच्या भूगर्भीय उष्णतेने तापते आणि वर येते. त्याखाली धगधगता शिलारस नाही. अशा पाण्यावर धान्य आणि मासे सुकवणे, शीतगृह चालवणे किंवा कमी तापमानावर चालणारे छोटे वीजसंच बसवणे शक्य आहे. पण त्याआधी किती पाणी, किती तापमान आणि किती वर्षे, हे मोजावे लागेल.

ही मोजणीच गिनोरी काँती यांच्या कामाचा गाभा होती. त्यांच्या नावाबरोबर पाच दिवे सांगितले जातात आणि ते योग्यच आहे. मात्र त्या दिव्यांनंतर नऊ वर्षे त्यांनी यंत्र झिजू दिले, नळ्या उघडून पाहिल्या, वाफ तपासली आणि मगच गावाला वीज दिली. म्हणून ती वीज टिकली. लार्देरेल्लोच्या टेकड्यांवर आजही शीतक मनोऱ्यांतून पांढरी वाफ उठते आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या चकचकीत नळ्या दूरवरून दिसतात. लार्देरेल घराण्याच्या जुन्या वाड्यात आता या उद्योगाचे संग्रहालय आहे.